किनारा सोडून बाकी सगळं

१४ जानेवारी

पाटी लागली एकदाची. निळ्यावर पांढरी अक्षरं : 'एल्डिनाबरोबर कारियाकू. किनारा सोडून बाकी सगळं.' सिल्बर्टनं मुद्दाम मिनीबस थांबवून ती मोठ्यानं वाचली.

"अगं, किनारा सोडला तर इथं आहे काय? शेळ्या?"

"शेळ्या आहेत, आणि तू आहेस. शेळ्या आधी दाखवीन," मी म्हटलं. गाडीतल्या बायका खदखदून हसल्या. हा माणूस आता माझ्यावर डूख धरणार, मला माहीत आहे.

वादळात हॉटेल गेलं, त्याबरोबर माझं स्वयंपाकघर गेलं. इतकी वर्षं तिथं रांधलं, पण पाहुणे विमानातून उतरायचे, वाळूवर पालथे पडायचे, लाल व्हायचे आणि परत जायचे. कारियाकू नावाचं बेट आहे, त्यात माणसं राहतात, हे त्यांच्या गावीही नसायचं. आता वाळूही अर्धी वाहून गेलीय. म्हटलं, उरलेलं दाखवू. बोटी कशा बांधतात, कूकू कसं घोटतात, ढोलावर कसं नाचतात.

आई म्हणाली, "लोक पैसे देऊन मक्याचं पीठ घोटायला येणार? मग मला जन्मभर कुणी दमडी का नाही दिली?"

ब्रुकलिनहून फर्डीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, त्याला तिथं बसून अक्कल फार. म्हणे, धंदा करायचा तर रोजचं लिहून काढ. म्हणून हे.

२२ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक! कॅनडाचं जोडपं. आणि पहिल्याच दिवशी पोलीस यायची वेळ.

बाई बाथरूम शोधत गेल्या आणि त्यांनी चुकीचं दार उघडलं. अशी किंकाळी फोडली की शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली. मी धावले. बाई भिंतीला चिकटून उभ्या. "पलंगावर... चादरीखाली... कोण आहे?"

"काही नाही हो, माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

आता माझ्या तोंडून सवयीनं गेलं. आम्ही घरात असंच म्हणतो. त्या नवऱ्याचं तोंड पांढऱ्याचं पिवळं झालं. मग मी चादर काढून दाखवलं, की बाबा नाहीत, बाबांचा दगड आहे. थडग्यावर बसवायचा. दगड घरी आला की त्याला जमिनीवर का टाकायचं? माणसासारखा पलंगावर ठेवायचा, रात्री झाकायचा. ते दोघं मान डोलवत होते, पण चहा काही घेतला नाही.

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. वादळात आमचं छप्पर उडालं, कपाट उडालं, दगड मात्र जागचा हलला नाही. आता तो बसवायचा म्हणजे गावजेवण आलं, ढोल आले, ते सगळं करता येईल. अडलंय आईपाशी. बाबा तिच्या स्वप्नात येतात. हातात ताट घेऊन दारात उभे राहतात, आत या म्हटलं तरी येत नाहीत, वळून रस्त्याकडे बघतात आणि म्हणतात, "अजून एक जण यायचंय." मेलेला माणूस असं म्हणत असताना दगड बसवायची कुणाची छाती आहे?

तो एक जण म्हणजे फर्डी, दुसरं कोण! बाबांच्या अंत्यविधीला आला नव्हता, कागदपत्रांचं निमित्त सांगून. मी त्याला फोनवर सुनावलं, "तुझ्यापायी बाबा आठ वर्षं दारात ताटकळतायत." त्यावर तो म्हणाला, "दीना, मी बघतो काय करायचं ते."

३ फेब्रुवारी

बरं चाललंय. लोकांना विंडवर्ड गावातली बोटी बांधायची जागा आवडते. बाबांचे दोस्त तिथं अजून कुऱ्हाडीनं फळ्या तासतात आणि पाहुणे आ वासून बघतात. सगळ्यात जास्त विचारतात ते मेलेल्यांसाठी जमीन भिजवण्याबद्दल. म्हणून आता तेही शिकवते. पेला कसा धरायचा, आधी पाणी, मग जॅक आयर्न रम, हात खाली न्यायचा, मनगटातून वळवायचा. झाडाला पाणी घातल्यासारखं वरून नाही ओतायचं, पूर्वजांच्या डोक्यात पडतं. नाव घ्यायचं आणि ओतायचं. पाहुणे आजीचं नाव घेतात, मेलेल्या कुत्र्याचं घेतात, आणि खिदळतात. खिदळू देत. पण खऱ्या थडग्यावर मी कुणालाही ओतू देत नाही, तिथं मान घरच्यांचा. आधी सगळ्यात मोठं लेकरू, मग बाकीचे. आमच्यात ते लेकरू मी. तेवढी एक गोष्ट मी सहलीत विकणार नाही.

९ फेब्रुवारी

नवीन पाहुणी आलीय, राहायला. आमची मागची खोली नीट करून दिली. मिस निल्डा, अरुबा बेटावरची. माझ्याहून थोडी मोठी असेल, शाळेत शिक्षिका होती. एकटीच. सुटकेस नवीकोरी, चेहरा असा, की ही बाई सुट्टीवर आलीय की दात काढून घ्यायला, कळेना.

"आमच्याकडे किनारा नाही हं दाखवत," मी आधीच सांगून टाकलं.

"अरुबाला किनाराच किनारा आहे," ती म्हणाली. "मी बाकीच्यासाठीच आलेय."

माझा पत्ता कुणी दिला विचारलं तर म्हणाली, फर्डीनं. बघा! भावाला मी उगाच बोलते. पोरगं तिकडं बसून माझी जाहिरात करतंय.

आई बाहेर आली. एरवी पाहुण्यांना ती नुसती मान हलवते. हिच्याकडे मात्र खांबाला धरून बघतच राहिली. मग म्हणाली, "उन्हात का उभं केलंस तिला?" आणि मलाच ओरडली! मी काय तिला वाळत घातलं होतं?

१२ फेब्रुवारी

मिस निल्डाला विंडवर्डला नेलं. बाई बोलत नाही, विचारते मात्र फार. ही बोट कुणी बांधली? तुमचे वडील कुठल्या बोटीवर होते? रागीट होते का? गायचे का? मी सांगत गेले. बाबा तरुणपणी अरुबाच्या तेल कारखान्यात होते हेही सांगितलं. आमच्याकडचं कोण नव्हतं तिथं? अर्धं बेट जाऊन आलंय. मग परत येऊन आईशी लग्न केलं आणि बोटीवर चढले. बाबांसारखा सरळ माणूस झाला नाही, हेही सांगितलं. दारू एक पेला, बाई एक आई. ती हात मागे बांधून, मान खाली घालून वाळूत चालत होती. म्हातारा जोजो तासायचं थांबवून तिच्या चालण्याकडे बघत बसला. वयानं गेलाय कामातून, दुसरं काय.

जमीन भिजवायचं शिकवलं. एक जर्मन जोडपंही होतं, ते खिदळले. ही नाही. मी हात धरून दाखवलं, खाली, आणखी खाली, मनगटातून. तिचा हात गार पडला होता. नाव घ्यायची वेळ आली तर नुसती पेल्याकडे बघत राहिली.

"अहो, घ्या ना नाव," मी म्हटलं.

"मला ते घ्यायचा हक्क आहे का, माहीत नाही."

"इथं कोण हक्क तपासायला बसलंय? सहल आहे ही. कुणाचंही घ्या."

तिनं पेला तसाच माझ्या हातात परत दिला. शिक्षिका लोकांचं हे असंच, प्रत्येक गोष्टीचं अवघड करून ठेवायचं.

१३ फेब्रुवारी

मासा केला होता. मिस निल्डानं डोकं मागून घेतलं. पाहुणे डोकं बघितलं की पळतात, हिनं चोखून खाल्लं आणि काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले, लहानापासून मोठा. मी बाबांनंतर असं करताना कुणाला पाहिलं नाही. अरुबाची पद्धत असणार, बाबा तिथूनच शिकले असतील.

आई जेवता जेवता उठून आत गेली. पोट बिघडलंय म्हणाली. मासा ताजा होता, मी शपथेवर सांगते.

१७ फेब्रुवारी

मला संशय येतोय. लिहूनच टाकते. ही बाई सिल्बर्टची हेर आहे.

नाहीतर काय! परवा सिल्बर्टनं मिनीबसवर रंगवून घेतलं : 'खरं कारियाकू दाखवू.' माझंच चोरलं, मेल्यानं! आणि आज मी बाजारातून आले तर ही आईबरोबर ओसरीत तुरीच्या शेंगा सोलतेय, दोघींची डोकी जवळ, मी दिसले तशा गप्प. भिंतीवरचा बाबांचा फोटो खाली उतरवलेला. तिच्या मांडीवर!

मी तो उचलला, पुसला, भिंतीवर लावला. मग सरळ विचारलं, "मिस निल्डा, खरं सांगा. कुणी पाठवलं तुम्हाला?"

तिच्या हातातली शेंग खाली पडली. "तुमच्या आईंनी," ती म्हणाली.

मी हसले. आईला मोबाईल उलटा की सुलटा हे कळत नाही, ती अरुबाहून गिऱ्हाईक आणणार! आईकडे बघितलं तर ती शेंगा सोलतच होती. "एल्डिना," ती म्हणाली, "तुझा आवाज चर्चपर्यंत जातोय." माझा आवाज मोठा आहेच. बाबांना शेवटची काही वर्षं ऐकू येत नव्हतं, ओरडून ओरडून लागलेली सवय ती. त्यांची दाढी करताना ओरडायचे, सूप पाजताना ओरडायचे, इकडचा गाल, बाबा, इकडचा! आता कुणासाठी हळू करू?

हेर तर हेर. पण आठवडाभराची राहायची बोली होती, अजून जायचं नाव नाही.

२० फेब्रुवारी

दिवसभर भांडी आपटली मी.

सकाळी आईनं कॉफी घेता घेता सांगितलं, "मार्चच्या पहिल्या तारखेला दगड बसवायचा. ढोलवाल्यांना सांग. फर्डीला मी सांगितलंय."

आठ वर्षं मी हात जोडले, तेव्हा नाही. आता एकाएकी? "बाबा स्वप्नात काही म्हणाले का?"

"नाही. तो दाराच्या आत आलाय. बसला नाही अजून, पण आत आलाय."

मला रडूच आलं. फर्डीनं तिकीट काढलं आणि बाबा आत आले. मी आईला मिठी मारली. तिनं माझी पाठ थोपटली आणि वर म्हणते कशी, "निल्डा राहील तोवर. ती घरच्यांत बसेल."

घरच्यांत! पैसे भरून आलेली पाहुणी, बाबांच्या दगडाला, घरच्यांत! मी म्हटलं, "आई, तुला वेड लागलंय का? उद्या म्हणशील तिला बाबांच्या खुर्चीत बसव."

"बसू दे की," आई म्हणाली.

मी न भांडता ढोलवाल्यांकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा.

२८ फेब्रुवारी

फर्डी आला. पोट सुटलंय, डोक्यावर केस नाहीत. मला मिठी मारली, आईच्या गळ्यात पडून रडला. ठीक. मग मिस निल्डा ओसरीत आली, तर तो तिच्याकडे बघून परत रडायला लागला. तिचे दोन्ही हात धरले. मी म्हटलं, "फर्डी, ती पाहुणी आहे. तिचा हात सोड, लोक बघतायत."

रात्रीसाठी पूर्वजांचं ताट केलं. मक्याचं कूकू, तांदळाचे गोळे, बकरा, कोंबडी, सगळं अळणी. मेलेल्यांना मीठ चालत नाही. मिस निल्डाचा हात मिठाकडे गेला तर आईनं तिच्या मनगटावर टपली मारली, "नाही गं पोरी." पोरी! मी इतकी वर्षं चुका केल्या, मला टपली नाही, थप्पड मिळायची.

खोलीत टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, ताट. पूर्वज यावेत म्हणून दार उघडं ठेवलं, पण आई मिस निल्डाला आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर. मी, या घराची मोठी मुलगी, बाहेर, हातात रिकामं पातेलं घेऊन. फर्डी म्हणाला, "दीना, उद्या शांत राहा. वचन दे मला." मी का अशांत होणार आहे? कुणी सांगेल का मला?

१ मार्च

सगळं लिहिते. न लिहावं तर छाती फुटेल.

दगड पलंगावरून उचलला, चादरीसकट. सहा माणसांनी वाहिला. ढोल पुढे, बायका गात मागे, अख्खं गाव. सिल्बर्टसुद्धा काळा कोट घालून आला होता. जोजोनं सिमेंट कालवलं. दगड बसला. सुंदर बसला. वर बाबांचं नाव, सिमियन क्वामिना, खलाशी, आणि खाली सगळ्यांना सामावणारं एकच वाक्य : 'लेकरांनी बसवला.' नावं घालायची नाहीत असं आईनंच तेव्हा ठरवलं होतं. जागा वाचते, म्हणाली होती.

मग जमीन भिजवायची वेळ. आईनं पाण्याचा पेला भरला. मी पुढे झाले. सकाळपासून मी मनात बाबांशी बोलत होते, काय काय सांगायचं ते ठरवलं होतं.

"थांब, एल्डिना," आई म्हणाली. "तुझ्याआधी एक जण आहे."

आणि तिनं पेला मिस निल्डाच्या हातात दिला.

मला वाटलं, आई गोंधळलीय. वय झालं, रात्रभर जागरण, तिला वाटलं ही माझी सहलच आहे. मी मोठ्यानं बोलले, माझ्याच्यानं हळू बोलवत नाही, "आई! हे सहलीचं नाही! इथं पाहुण्यांना देत नाहीत!"

ढोल थांबले.

"सहलीचं नाहीच," आई म्हणाली. "ही सिमियनची मोठी मुलगी आहे. अरुबाला झालेली. माझ्या लग्नाआधीची."

मी हसले. खरंच हसले, देवा. मग आजूबाजूला बघितलं, बाकीचे हसतायत का म्हणून. कुणीही हसत नव्हतं. त्याहून भयंकर म्हणजे कुणी दचकलंही नव्हतं. जोजो थापीवरचं सिमेंट खरवडत होता. सिल्बर्ट बुटांकडे बघत होता. चर्चमधल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, तिच्याकडे नाही. सगळ्यांना माहीत होतं. मी पाळण्यात होते तेव्हापासून या म्हाताऱ्यांना माहीत होतं, आणि मी त्यांच्यासमोर बाबांचं गुणगान करत पाहुणे फिरवत होते. दारू एक पेला, बाई एक आई!

फर्डीनं माझा दंड धरला.

"तुला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"आईनं शोधायला सांगितलं. गेल्या वर्षी. वादळानंतर."

"आणि मला?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस, दीना."

"घेतलंच असतं!" मी ओरडले. "माझं घर आहे, माझं डोकं आहे!"

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढीशी दिसते ती आता. म्हणाली, "त्यानं लग्नाआधी मला सगळं सांगितलं होतं. तिला इथं आणतो, म्हणाला. आईविना होती ती तेव्हा, आजीकडे. मी म्हटलं, ती येईल त्या घरात मी येणार नाही. त्यानं मला निवडलं. मी जिंकले असं वाटलं मला, एल्डिना. मग तो मेला आणि ताट घेऊन दारात उभा राहायला लागला. माझ्या हातचं खाईना. वादळात छप्पर उडालं त्या रात्री मी दगडाला धरून बसले होते, तेव्हा म्हटलं, बरं, सिमियन. आणते तिला. तू जेव."

आईला असं गावासमोर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिचा राग यावा की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. बाबांचा तर इतका राग आला, की दगड उचलून परत पलंगावर टाकावा. जन्मल्यापासून मी मोठी होते. मोठी म्हणून फटके खाल्ले, मोठी म्हणून शाळा सोडली, मोठी म्हणून त्यांचं हगणंमुतणं काढलं. एका वाक्यात दुसरी झाले.

मिस निल्डा हलली नव्हती. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज नव्हता. तिनं पेला माझ्यापुढे धरला. "तुम्ही ओता," ती म्हणाली. "त्यांचं सगळं तुम्ही केलंत. मी फक्त बघायला आले होते, ते कुठे असतात ते. मी बाजूला उभी राहते."

आणि मी तिच्या हाताकडे बघितलं. पेला तिनं खाली धरला होता. चार बोटं खाली, अंगठा वर, मनगट सैल. मी शिकवलं होतं तसा. तिथं वाळूत, खिदळणाऱ्या लोकांत, मी तिचा गार हात धरून तिला तिच्याच बापासाठी पाणी ओतायला शिकवलं होतं, आणि म्हटलं होतं, कुणाचंही नाव घ्या. सहल आहे ही.

मी तिच्याजवळ गेले.

"आधी पाणी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका लहान. "मग रम. शिकवलंय ना?"

ती वाकली. पेल्यातलं पाणी कडेला आलं आणि थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, फर्डीकडे नाही.

"नाव घेऊ?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझ्या तोंडाची सगळ्यांना सवय आहे, काय निघेल त्याची भीती वाटत असणार. मलाही वाटत होती.

"घे," मी म्हटलं. "पण जोरात घे गं. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं."

तिनं बाबांचं नाव नाही घेतलं. "पापा," एवढंच ओरडली. साठ वर्षांचं साठलेलं, फाटक्या आवाजात, चर्चपर्यंत जाईल असं. पाणी जमिनीत गेलं. जोजोनं स्वतः ढोलावर हात मारला.

नंतर मी ओतलं. ठरवलेलं एकही आठवलं नाही.

२ मार्च

सकाळी आईला विचारलं, "बाबा आले होते?"

"नाही."

"स्वप्नच पडलं नाही?"

"पडलं नाही. जेवला असेल," ती म्हणाली, आणि कूस बदलून परत झोपली. आई सूर्य वर आल्यावर झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

माझा राग गेलेला नाही. आईशी भांडायचंय, फर्डीशी भांडायचंय, बाबांशी तर रोज भांडणार आहे, थडगं कुठे पळून जात नाही. निल्डा ओसरीत बाबांच्या खुर्चीत बसून कालचा मासा खातेय. काटे ओळीनं लावलेत. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला ते ओळ लावणं नीट जमत नाही, कधीच जमलं नाही. तिला म्हटलं, दाखव.